लूट: ग्वाल्हेरच्या शमीपासून लूट बॅगपर्यंत

दसऱ्याच्या संध्याकाळी ग्वाल्हेरला मांढरे की मातेच्या देवळापाशी शमीची पूजा होते. शिंदे घराण्याचा वारस झाडाला तलवार लावतो आणि पानांवर झुंबड उडते. मुठीत चुरगळलेली ती पानं घरी आणायची आणि वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवून पाया पडायचं. याला आम्ही सोनं लुटणं म्हणतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरात मुलांच्या कानावर लूट हा शब्द आधी येतो तो असा, सणाचा होऊन.

इंग्रजांच्या कानावर तो आला धामधुमीच्या काळात. शिंदेशाही पेंढाऱ्यांना पगार नसे. लूट हीच त्यांची कमाई. त्यांचा बंदोबस्त करायला मदत करू, असं दौलतराव शिंद्यांनी ५ नोव्हेंबर १८१७ च्या ग्वाल्हेरच्या तहात इंग्रजांना लिहून दिलं. पण तोवर शब्द गोऱ्या साहेबांच्या तोंडी कधीचाच रुळला होता. १७८८ च्या स्टॉकडेलच्या शब्दसंग्रहात तो अर्थासकट आहे.

पुढचा माग हेन्री यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात काढला. चीनचं पहिलं युद्ध, क्रिमिया, मग सत्तावन. या लढायांच्या काळात शब्द विलायतेत पोचला आणि तिथल्या उडाणटप्पू बोलीच्या कोशात जाऊन बसला. वाटेत त्याचं कूळही बदललं. ॲडमिरल स्मिथच्या १८६७ च्या नाविक कोशात हा शब्द चीनकडून घेतलेला म्हणून नोंदला आहे! संस्कृत 'लुण्ठ्'पर्यंत मुळं गेलेला आपला शब्द. बंदरात कानावर पडला म्हणून चिनी ठरला. अशा शब्दाचा माग काढायचा तर तो कोणत्या साली, कुणाच्या तोंडी होता, हे तारीखवार मांडावंच लागतं. यूलनी ते मांडलं, याचं मला फार मोल वाटतं.

सत्तावनच्याच सुमारास चीनमध्ये इंग्रजांचा वकील असलेल्या लॉर्ड एल्गिनला हा शब्द खटकला होता. सरळ इंग्रजीत जिला चोरी म्हणावं लागेल, ती लूट म्हटली की किरकोळ वाटते, असं त्यानं लिहून ठेवलं. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी राजवाडा लुटला आणि मागोमाग तो जाळायचा हुकूम दिला याच एल्गिननं.

आज इंग्रजीत साध्या पैशालाही लूट म्हणतात. कॅनडात वाढदिवसाला आलेल्या मुलांना घरी जाताना खाऊ-खेळण्यांची छोटी पिशवी देतात. तिचं नाव लूट बॅग.