बुद्धीचें माप आणि मुलाची भाषा

वसमत तालुक्यांतील हट्टा हें गांव १९३४ सालीं निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत मोडत असे; हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ मध्यें. घरीं मराठी बोलणाऱ्या त्या भागांतील मुलाला वरच्या वर्गांत उर्दूंतून शिकावें लागे. असा मुलगा प्रश्न ऐकून गप्प राहिला, तर त्याला मंद म्हणावें, कीं प्रश्नच त्याला कळला नाहीं असें समजावें? मुंबई इलाख्यांत धारवाड येथें व्ही. व्ही. कामत हे त्या वेळीं याच जातीच्या अडचणीवर काम करीत होते.

या अडचणीचें मूळ पॅरिसला आहे. मानसशास्त्राला प्रयोगशाळा मिळवून दिली ती विल्हेल्म वुंट यांनीं, १८७९ सालीं लाइपझिग येथें; पण तेथें अभ्यास चाले तो प्रौढांच्या संवेदनांचा. वर्गांत मागें पडलेल्या मुलाचा विचार आल्फ्रेड बीने यांच्या वांट्यास आला. आरंभीं त्यांनीं मुलांच्या कवट्यासुद्धां मोजून पाहिल्या! हुशार व मंद यांच्यांतील अंतर अगदींच क्षुल्लक निघालें, तेव्हां तो नाद त्यांनीं सोडला. १९०४ सालीं फ्रेंच सरकारनें अशा मुलांच्या शिक्षणासाठीं मंडळ नेमलें, आणि पुढल्याच वर्षीं बीने यांनीं थिओडोर सीमों यांच्यासह ३० कसोट्यांची श्रेणी सिद्ध केली. ऐकलेले अंक पुन्हां म्हणणें, माशी व फुलपांखरूं यांतील फरक सांगणें, असें तिचें साधें स्वरूप होतें. १९०८ मध्यें कसोट्या वयवार लावल्या गेल्या व ‘मानसिक वय’ ही कल्पना रूढ झाली. तें खऱ्या वयानें भागावें, ही युक्ति १९१२ मधील विल्यम स्टर्न यांची. शंभरानें गुणून येणारा बुद्ध्यंक १९१६ मध्यें टर्मन यांनीं प्रचारांत आणला. आठ वर्षांच्या मुलाचें मानसिक वय सहा आलें, तर बुद्ध्यंक ७५.

पण बीने यांच्या कसोट्यांत फ्रान्सचीं नाणीं ओळखण्याचाही प्रश्न होता. आपल्याकडील मुलानें तीं कोठें पाहावींत? लाहोरला सी. हर्बर्ट राइस यांनीं हिंदुस्थानी भाषेसाठीं प्रयत्न केला होता. कामतांनीं १९३४ मध्यें मराठी व कानडी मुलांसाठीं टर्मनच्या मापाचें रूपांतर केलें आणि १९४० मध्यें त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसतें भाषांतर करून भागत नाहीं. शब्द बदलला कीं प्रश्नाचा अवघडपणा बदलतो. म्हणून कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हें येथील मुलांवरच पडताळून ठरवावें लागतें. कामतांच्या कामाचें खरें मोल या कंटाळवाण्या पडताळणींत आहे.

बीने-कामत कसोटी त्यानंतर अनेक दशकें वापरांत राहिली. येथें मात्र जपावयास हवें. पिढ्यांमागून पिढ्यांचे सरासरी गुण वाढत गेल्याचें जेम्स फ्लिन यांनीं १९८४ मध्यें दाखविलें. तेव्हां जुन्या प्रमाणावर आजच्या मुलाचा आंकडा फुगून येऊं शकतो, आणि ज्याला साहाय्य हवें तोच त्यापासून वंचित होतो.

बीने १९११ मध्यें वारले. बुद्धि जन्मतः कायमची ठरलेली असते, या मतावर त्यांनीं दोनच वर्षांपूर्वीं कठोर टीका केली होती. मागें पडलेल्या मुलांचें अवधान वाढावें म्हणून त्यांनीं कांहीं खेळही सुचविले होते; पुतळ्यासारखें निश्चल उभें राहणें हा त्यांतलाच एक.