गुरूचा कारखाना आणि पाच भागीदारांची ‘प्रभात’

१/ १ जून १९२९. कोल्हापुरात पाच जणांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. त्यांपैकी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे एकाच गुरूच्या हाताखाली घडले होते. गुरू होते बाबूराव पेंटर. मग या चौघांनी वेगळी चूल का मांडली?

२/ बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी हा एका प्रतिभावंताचा कारखाना होता. चित्रकार, शिल्पकार, दिग्दर्शक तेच. जाहिरातीची भित्तिचित्रेही तेच रंगवीत. दामल्यांना हाताशी घेऊन त्यांनी देशी कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

३/ हा गुरू कोता नव्हता. पडेल ते काम करणारा शांताराम १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाला आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चा दिग्दर्शक. १९२८ चा ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. शिष्य स्वतंत्र कामास समर्थ झाले; कंपनीवर मात्र छाप गुरूचीच राहिली.

४/ ‘प्रभात’ची घडण निराळी होती. शांताराम दिग्दर्शनात, धायबर छायाचित्रणात, फत्तेलाल कलादिग्दर्शनात, बोलपट आल्यावर दामले ध्वनिमुद्रणात. भांडवलाची बाजू पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी यांच्याकडे. ज्याच्या हाती काम, तोच कंपनीचा मालकही होता.

५/ या रचनेचे फळ लवकर दिसले. मूकपटांनंतर १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत आला. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. तेथे १९३६ चा ‘संत तुकाराम’ शांतारामांनी नव्हे, तर दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शनाचा मान एकाच भागीदारापुरता राखीव नव्हता, हे त्यातून दिसते.

६/ तथापि भागीदारी परस्परविश्वासावर तगते. धायबर बाहेर पडले. १९४२ मध्ये मतभेदांनंतर शांतारामही गेले आणि त्यांनी मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. ‘प्रभात’चे चित्रपट पुढेही आले, पण पूर्वीची झळाळी परतली नाही.

७/ एकहाती नेतृत्वाने कोल्हापुरात कसबी माणसे घडवली; समान भागीदारीने त्या कसबाला मोकळे रान दिले. पहिल्या पद्धतीत वाढलेल्या शिष्यांना सामावून घेण्याची जागा नव्हती, दुसरीत मने दुरावल्यावर शेवटचा शब्द कोणाचा, याचे उत्तर नव्हते.