अँड्रॉइड एम्युलेटर

संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अँड्रॉइड फोन उभा करून त्यावर मोबाइल ॲप चालवणारी प्रणाली. या आभासी फोनला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी, साठवण, पडदा आणि इंटरनेट जोडणी असते. माउसची क्लिक बोटाच्या स्पर्शाप्रमाणे ॲपपर्यंत पोचते. फोनचे ठिकाण, बॅटरीची पातळी, येणारा कॉल अशा गोष्टी वापरणाऱ्याला हव्या तशा ठरवता येतात.

एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राचे प्रोग्राम चालवण्याची कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा जुन्या १४०१ यंत्रांसाठी लिहिलेले प्रोग्राम ग्राहकांना टाकून द्यावे लागू नयेत म्हणून अशी सोय केली होती. अँड्रॉइडच्या बाबतीत तर फोनच्या आधी एम्युलेटर आला. गूगलने नोव्हेंबर २००७ मध्ये ॲप लिहिणाऱ्यांसाठी खुल्या केलेल्या साधनसंचात तो होता. एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला ऑक्टोबर २००८ मध्ये. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली क्यूईएमयू ही मुक्तस्रोत प्रणाली या एम्युलेटरचा पाया आहे.

एम्युलेटरची खरी कसोटी वेगाची. बहुतेक फोनमध्ये आर्म घराण्याचे प्रोसेसर असतात, तर बहुतेक विंडोज संगणकांत इंटेल किंवा एएमडीचे एक्स८६ घराण्याचे. दोघांना कळणाऱ्या आज्ञा वेगळ्या. सुरुवातीचे एम्युलेटर फोनच्या संपूर्ण प्रणालीची प्रत्येक आज्ञा दुभाष्याप्रमाणे अनुवाद करून सांगत. त्यामुळे आभासी फोन सुरू होण्यातच काही मिनिटे जात. यावर तोडगा निघाला तो अनुवाद टाळण्यातून. एक्स८६ प्रोसेसरसाठीच बांधलेली अँड्रॉइड प्रणाली वापरली, की तिच्या आज्ञा संगणकाचा प्रोसेसर थेट पार पाडू शकतो. त्यासाठी प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे आभासी यंत्राच्या आज्ञा थेट चालवू देणारी, सोय लागते. इंटेलने ती २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आणली. अनेक संगणकांत ही सोय असूनही बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीत, बंद ठेवलेली असते. एम्युलेटर कमालीचा संथ चालत असेल तर नवा संगणक घेण्याचा विचार करण्याआधी ही सेटिंग पाहावी.

जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेली ॲप दोन्ही घराण्यांवर चालतात, कारण त्यांचे यंत्रभाषेतले रूपांतर अँड्रॉइड स्वतः करते. अडचण येते ती मोठ्या गेमची. त्यांचा बराच भाग सी++ मध्ये लिहून आधीच आर्मसाठी तयार केलेला असतो. म्हणून गूगलने २०२० मध्ये अँड्रॉइड ११ च्या एक्स८६ आवृत्तीत केवळ ॲपमधल्या आर्म आज्ञांचा अनुवाद करण्याची व्यवस्था केली. बाकीची प्रणाली थेट चालते. ॲपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या मॅकमध्ये प्रोसेसरच आर्म घराण्याचा असल्याने तिथे आर्मसाठीची अँड्रॉइड प्रणाली अनुवादाशिवाय चालते. चित्रे रंगवण्याचे काम दोन्हीकडे शक्यतो संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले जाते.

ॲप तयार करणाऱ्यांना वेगवेगळ्या आकारांचे आणि आवृत्त्यांचे फोन विकत न घेता चाचणी घेता येते, हा एम्युलेटरचा मूळ उपयोग आणि आजही सर्वांत मोलाचा. सर्वसामान्यांपर्यंत तो पोचला मुख्यतः गेममुळे. ब्लूस्टॅक्स या एम्युलेटरची पहिली चाचणी आवृत्ती २०११ मध्ये आली. पुढे नॉक्स, एलडीप्लेअर, गेमलूप असे अनेक पर्याय निघाले. माउस-कीबोर्डवर नेम साधणे स्पर्शपडद्यापेक्षा सोपे असल्याने पबजी मोबाइल या नेमबाजीच्या गेमने एम्युलेटरवरील खेळाडूंची गाठ एम्युलेटरवरील खेळाडूंशीच घालून दिली. हा निर्णय न्याय्यच होता.

फोनची ओळख मात्र एम्युलेटरला पुरती उभी करता येत नाही. त्यात खरे सिमकार्ड नसते. यूपीआय ॲपची नोंदणी करताना त्याच फोनमधील सिमवरून एसएमएस जातो आणि खाते त्या फोनशी बांधले जाते. ही पायरी इथे अडते. शिवाय उपकरण अस्सल आहे का, हे ॲपला गूगलच्या सेवेमार्फत तपासता येते. बँकांची बरीच ॲप म्हणूनच एम्युलेटरवर उघडत नाहीत. ग्राहकाच्या पैशांच्या दृष्टीने हा अडसर योग्यच आहे.

आयफोनच्या ॲपसाठी ॲपल देते तो सिम्युलेटर वेगळा: त्यात फोनचा प्रोसेसर उभा केला जात नाही, तर ॲपच मॅकसाठी पुन्हा बांधले जाते. लिनक्सवरील वेड्रॉइड अँड्रॉइडला कंटेनरमध्ये, म्हणजे लिनक्सच्याच गाभ्यावरील वेगळ्या कप्प्यात, चालवते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड ॲपची सोय दिली होती. तिचा आधार ५ मार्च २०२५ रोजी संपला.

एम्युलेटरला संगणकात खोलवर शिरकाव असतो, म्हणून तो कुठून घेतला हे महत्त्वाचे. नॉक्सच्या अपडेट यंत्रणेतून काही निवडक वापरकर्त्यांच्या संगणकांत घातक सॉफ्टवेअर सोडले गेल्याचे ईसेट या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड केले. एम्युलेटर निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि त्यात रोजच्या वापरातले गूगल खाते न जोडता वेगळे खाते उघडावे.