तैवानांतील स्वातंत्र्याचा वाद

तैवान बेटांतील स्वातंत्र्यविषयक वादाच्या आरंभींच एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. इ. स. १८९५ च्या एप्रिलांत शिमोनोसेकीच्या तहानें चीनच्या चिंग घराण्यानें हें बेट जपानास देऊन टाकलें. तेथील लोकांस कोणीं विचारलें नाहीं. मे महिन्यांत बेटावर प्रजासत्ताक पुकारण्यांत आलें, निळ्या निशाणावर पिवळा वाघ झळकला आणि सुभेदार तांग जिंगसोंग अध्यक्ष झाले. परंतु या नव्या राज्यानें आपल्या शकास नांव दिलें तें ‘शाश्वत चिंग’ या अर्थाचें! आम्हांस त्या वाघापेक्षां हें नांवच अधिक बोलकें वाटतें. ज्या दरबारानें टाकून दिलें त्याचाच पदर सुटूं नये म्हणून पुकारलेलें हें स्वातंत्र्य होतें. अध्यक्षमहाशय दोन आठवड्यांच्या आंत समुद्रापार निघून गेले, व ऑक्टोबरांत जपानी फौज ताइनान शहरांत शिरली.

१९४५ सालीं जपान हरल्यावर चिनी प्रजासत्ताकाचें सैन्य आलें, तेव्हां पुष्कळांनीं त्याचें स्वागतच केलें. तें दीड वर्षहि टिकलें नाहीं. २७ फेब्रुवारी १९४७ रोजीं तैपेई शहरांत चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेस सरकारी माणसांनीं मारहाण केली. दुसऱ्या दिवशीं जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्चांत चीनहून फौज उतरली. १९९२ सालच्या सरकारी चौकशीनें मृतांचा अंदाज १८,००० ते २८,००० केला आहे. ‘स्वातंत्र्य’ या शब्दास आजचा अर्थ या रक्तपातानें आला, असें आमचें मत आहे.

पुढें १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा चालला. १९६४ सालीं प्राध्यापक पेंग मिंग-मिन यांनीं दोन शिष्यांसह एक जाहीरनामा छापला. मुख्य भूमि परत जिंकण्याची चँग कै-शेकची प्रतिज्ञा अशक्य कोटींतली आहे, आणि बेटावर पूर्वीपासून राहणाऱ्यांनीं व मागाहून चीनहून आलेल्यांनीं मिळून नवी राज्यघटना करावी, असा त्याचा मथितार्थ. पत्रकें वांटण्यापूर्वींच तिघेहि पकडले गेले. पेंग यांस आठ वर्षांची शिक्षा झाली. १९७० सालीं पाळतींतून निसटून ते स्वीडनला पोंचले.

नुसत्या मतप्रचारास राजद्रोह ठरविणारें कलम १९९२ सालीं दुरुस्त झालें, व १९९६ च्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकींत हेच पेंग उभे राहिले. मतें पडलीं शेंकडा २१. ज्या शब्दापायीं तुरुंग भोगला तो मोकळेपणीं उच्चारतां येऊं लागला, तेव्हां बहुसंख्य लोक तो उच्चारावयास तयार नव्हते. त्यांस भित्रे म्हणणें सोपें आहे. परंतु मतदानाच्या तोंडावर चीननें बेटालगतच्या समुद्रांत क्षेपणास्त्रें सोडलीं होतीं, आणि निवडून आलेले ली तेंग-हुई हेहि त्याच बेटाचे पुत्र होते.

तेथील डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षानें १९९१ सालीं सार्वमतानें तैवानचें प्रजासत्ताक स्थापण्याची मागणी केली होती. १९९९ च्या ठरावांत त्यानें म्हटलें कीं, देश स्वतंत्र आहेच. चालू घटनेप्रमाणें त्याचें नांव ‘चिनी प्रजासत्ताक’, आणि ही स्थिति बदलावयाची तर लोकांचें मत घ्यावें. जुन्या स्वातंत्र्यवाद्यांस ही पळवाट वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. पण परक्या नांवाखालीं किती दिवस नांदावयाचें, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हे. २०२१ सालीं पारपत्राच्या मुखपृष्ठावरील ‘तैवान’ हीं रोमन अक्षरें मोठीं करण्यांत आलीं. ‘चिनी प्रजासत्ताक’ हीं चिनी अक्षरें मात्र होतीं तशींच ठेवलीं.