मुलाच्या हाती धनुष्य

मृगया हे व्यसन की विद्या, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याने राजाच्या व्यसनांत तिला द्यूत आणि मद्य यांच्या पंक्तीला बसवले. पण त्याच ओघात तिचे गुणही मोजले. शिकारीने अंग हलके होते, चालत्या नि स्थिर लक्ष्याचा वेध साधतो, जनावराचे मन कळते. मग राजपुत्राला ही विद्या कशी द्यावी? या प्रश्नाचा विचार रामायणातल्या एका गोष्टीत सापडतो.

दशरथ तेव्हा तरुण युवराज होता. शब्दवेधाचा त्याला मोठा अभिमान. शरयूकाठी काळोखात घागर बुडाल्याचा आवाज आला. हत्ती पाणी पीत असेल असे समजून त्याने बाण सोडला, आणि लागला तो श्रावणबाळाला. नेम चुकला नव्हता, हेच त्यातले दुःख! हात चालवायला तो शिकला होता. आवरायला शिकला नव्हता.

हे आवरणे कसे शिकवतात, त्याची दोन उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत.

नैनितालला १८७५ साली जन्मलेला जिम कॉर्बेट लहानपणी न्यूमोनियातून उठला, तेव्हा थोरल्या भावाने, टॉमने, त्याला गलोल दिली. पुढे ठासणीची जुनी दुनळी बंदूक हाती आली. तिची एक नळी फुटकी. ती मिरवीत पोरगा कुंवरसिंगाकडे गेला. हा गावचा मुखिया, आणि चोरून शिकार करण्यात पटाईत! पण त्याने पहिला धडा दिला तो बंदुकीचा नव्हे, झाडावर चढण्याचा. रानात बंदूक असली तरी माणूस दुबळाच, हे आधी कळले पाहिजे. हाच मुलगा पुढे नरभक्षकांचा काळ ठरला, आणि वाघाचा कैवारीही. १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या पोरक्या सलीम अलीला छऱ्याची बंदूक मिळाली होती. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कोणती चिमणी? मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. पण त्यांनाही नाव सांगता येईना. त्यांनी पोराला हसण्यावारी नेले नाही, की रागेही भरले नाहीत. चिठ्ठी लिहून त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. साल १९०८. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. पोराला त्या दिवशी नाव मिळाले, आणि जन्माचे वेडही. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली निघाले, त्याचे मूळ त्या खणांत आहे.

तरीही चिमणी मेली ती मेलीच. सलीम अलींनी ते विसरू दिले नाही. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे एका चिमणीचे पडणे.

दशरथाच्या बाणापुढे त्या रात्री कोणी वडीलधारे उभे नव्हते. कुंवरसिंग उभा राहिला, मामा उभे राहिले. दोघांनीही मुलाचे हत्यार हिसकावले नाही. त्याला बघायला लावले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपल्याकडची हौशी शिकार संपली, हे चांगलेच झाले. पण मुलांचे हात आजही शिवशिवतात. शाळेच्या पटांगणात साळुंकीवर दगड उगारणारा पोर मी दरसाल पाहतो. त्याला "टाक तो दगड" म्हणणे सोपे आहे. दगड आपोआप खाली यायला हवा असेल, तर त्याच्याशेजारी उकिडवे बसून विचारावे लागते: "अरे, तिच्या डोळ्याभोवती कोणता रंग आहे, पाहिलास का?"