मागे कोण राहिलं?

कुलूपबंद खोली, साठ मिनिटं, भिंतीवर कसले तरी आकडे, कुठेतरी लपवलेली किल्ली आणि चार-सहा जणांची डोकी. एस्केप गेम म्हणतात तो हा प्रकार. २००४ च्या सुमारास ऑफिसात बॉसची नजर चुकवून ‘क्रिम्झन रूम’ खेळलेले कुणी हे वाचत असतील, तर त्यांना ती लालभडक खोली नक्की आठवेल. तोशिमित्सु ताकागी या जपानी माणसाने बनवलेला तो खेळ एकट्याने खेळायचा होता. २००७ मध्ये जपानमध्येच, क्योतोला, खऱ्याखुऱ्या जागेत टीम करून असे खेळ सुरू झाले आणि जगभर पसरले. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हाच खेळ पुन्हा कॉम्प्युटरवर आला, या वेळी टीमसकट.

त्या वर्षी आम्हा भावंडांनाही हे वेड लागलं होतं. एक पुण्यात, दोघी ठाण्यात, एक न्यू जर्सीत आणि थोरला आतेभाऊ डोळखांबला. डोळखांब म्हणजे शहापूर तालुक्यातलं गाव, आजोबा डोंगराकडे जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना ठाऊक असलेलं. खेळ असा, की प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा धागा. कुलूप एकाला दिसतं, चिठ्ठी दुसऱ्याला. बोलल्याशिवाय काहीच सुटत नाही. शेवटचा आकडा दादाने सांगितला आणि त्याची रेंज गेली. आम्ही चौघं बाहेर पडलो, फटाके वगैरे फुटले. पंधरा मिनिटांनी ग्रुपवर त्याचा मेसेज: “माझी खोली बंदच आहे. मला कोण काढणार?”

हसलो खूप. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण दादाच्याच तालुक्यात एक किल्ला आहे, जिथे हाच प्रश्न एकदा फार गंभीरपणे उभा राहिला होता. माहुली.

आसनगाव स्टेशनला उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड एकाच डोंगरावर. १६३६ मध्ये या डोंगरावर शहाजीराजे अडकले. निजामशाही जवळजवळ संपली होती. राजांनी मुर्तझा नावाच्या एका लहान निजामाला गादीवर बसवून ती कशीबशी चालवत ठेवली होती. त्या वर्षी शाहजहान आणि आदिलशहा यांच्यात तह झाला आणि दोघांच्या फौजा मिळून राजांच्या मागे लागल्या. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान. माहुलीला वेढा पडला. जिजाऊ आणि सहा वर्षांचे शिवबाही तेव्हा गडावर होते, असं सांगतात.

या खोलीला दार एकच होतं आणि त्याची किंमत ठरलेली होती. शहाजीराजांनी माहुलीसह आपल्या ताब्यातले किल्ले सोडले, आदिलशाहीची चाकरी पत्करली आणि छोट्या मुर्तझाला मोगलांच्या हवाली केलं. राजे बाहेर पडले. तो मुलगा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला आणि निजामशाही संपली.

यात शहाजीराजांना दोष द्यायचा माझा मुळीच हेतू नाही. दोन पातशाह्या एकत्र आल्यावर एक माणूस किती दिवस टिकणार? पण तिथे एक जण आत राहिला, आणि तो मुलगा होता, एवढं मात्र खरं.

आता तीस वर्षं पुढे. मध्यंतरी शिवाजी महाराजांनी माहुली घेतला होता. जून १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले मिर्झाराजे जयसिंगांकडे गेले, त्यांत तो पुन्हा गेला. तहाच्या यादीत माहुलीचे तिन्ही गड वेगवेगळे मोजलेत. म्हणजे एकाच डोंगरावर तीन किल्ल्यांचा हिशोब! त्या तहातूनच पुढे आग्र्याची वारी आली. १२ मे १६६६ ला दरबारात अपमान, मग नजरकैद, भोवती फुलादखानाचे पहारे. सोबत नऊ वर्षांचे संभाजीराजे.

आग्र्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ती पेटाऱ्यांची. महाराज नेमके पेटाऱ्यात बसून निघाले की वेषांतर करून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला आता जास्त रस वाटतो तो त्याआधीच्या हालचालींत. महाराजांनी आपली बहुतेक माणसं परवानगी काढून आधीच दक्षिणेत पाठवून दिली. जयसिंगांचा मुलगा रामसिंग त्यांना जामीन राहिला होता. तो जामीन त्याने काढून घ्यावा, असंही त्यांनी सुचवलं होतं. म्हणजे पळायच्या आधी, आपल्यामागे कोण कोण अडकेल, याची मोजदाद चालू होती. खोलीत जितके कमी लोक उरतील तितकं बरं.

तरीही कुणीतरी उरणारच होतं. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज निसटले, तेव्हा हिरोजी फर्जंद हातात महाराजांचं कडं घालून, पांघरूण ओढून पलंगावर पडून राहिले, असं परंपरा सांगते. ते नंतर शिताफीने सटकले. पण रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि सोनोपंत डबीरांचे चिरंजीव त्र्यंबकपंत हे दोघं मोगलांच्या हाती लागले. त्यांचे हाल हाल केले गेले. रामसिंगाची मनसब गेली, दरबारात यायला बंदी झाली. संभाजीराजांना मथुरेला ठेवावं लागलं. वाट सुटली, पण तिचं बिल असं अनेकांच्या नावावर फाटलं.

महाराज परत आले. आणि मग काय केलं? आपल्याला वाटतं, तसं लगेच रण पेटवलं नाही. जवळजवळ तीन वर्षं मोगलांशी नरमाईने घेतलं. त्याला कारणं पुष्कळ होती: दमलेली फौज, रिकामा खजिना, नवी घडी बसवायची होती. पण मला वाटतं, सुरुवातीच्या काळात आपली माणसं अजून आत आहेत, हेही त्यांच्या मनात असणार. संभाजीराजे सुखरूप पोचले. १६६७ मध्ये कोरडे आणि डबीर सुटले. मग १६७० मध्ये एकेक किल्ला परत घ्यायला सुरुवात झाली. माहुलीवरचा पहिला हल्ला फसला, किल्लेदार मनोहरदास गौड याने तो परतवला आणि बरीच माणसं पडली. पण त्याच वर्षी माहुली परत आला.

एस्केप गेममध्ये घड्याळ थांबतं, टीमचा वेळ लिहिला जातो आणि लोक बाहेर येऊन फोटो काढतात. इतिहासात दार उघडल्यावर खरा हिशोब सुरू होतो. आत कोण राहिलं आणि त्यांच्यासाठी कोण मागे वळलं?

आग्र्यात मागे राहिलेल्यांची नावं निदान आपल्याकडे आहेत. शाळेच्या पुस्तकात पेटाऱ्यांना चित्र मिळालं, कोरडे-डबीरांना फार तर एखादी ओळ. माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी ती नावं ऐकलेलीही नाहीत. माहुलीहून ग्वाल्हेरला गेलेल्या त्या मुलासाठी मात्र परत जाणारं कुणी उरलंच नव्हतं. ज्या राज्याच्या नावाने त्याला गादीवर बसवलं, ते त्याच्याबरोबरच संपलं होतं.

असो. पावसाळ्यानंतर माहुलीला जाणार असाल तर वरच्या टाक्यांचं पाणी, भंडारगडावरून दिसणारे नवरा-नवरीचे सुळके, सगळं बघा. आणि दहा मिनिटं बसून त्या लहान निजामाचाही विचार करा. आपल्या बखरींत तो फार थोडा येतो.