परवानगी कोणाची? सुरक्षा चाचणीची अवजारे आणि एआय सहायक

ऑगस्ट २०१७मध्ये बेंगळुरू पोलिसांनी एका तरुण संगणक अभियंत्यास अटक केली. त्याने तयार केलेल्या मोबाइल ॲपवरून आधार क्रमांकाच्या आधारे माहितीची पडताळणी करता येत असे. आधार प्राधिकरणाच्या तक्रारीनुसार, हे ॲप सरकारी ई-हॉस्पिटल सेवेच्या सर्व्हरमार्गे, म्हणजे दुसऱ्याच्या दारातून, आधारच्या यंत्रणेपर्यंत पोहोचत होते आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी घेतलेली नव्हती. ई-हॉस्पिटलच्या नावाने आलेली विनंती यंत्राने ई-हॉस्पिटलचीच मानली.

देशातील पहिले सायबर पोलीस ठाणे २००१ साली याच शहरात उभे राहिले. ज्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या बळावर ते उभे राहिले, त्या २०००च्या कायद्यातील ४३व्या कलमाचा सारा भार एका शब्दावर आहे : परवानगी. संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याचा कारभार पाहणाऱ्याच्या संमतीवाचून आत शिरणे हे कायद्याचे उल्लंघन. अवजार कोणते वापरले, हा प्रश्न पुढचा.

अवजारांचा इतिहास याहून जुना आहे. एप्रिल १९९५मध्ये डॅन फार्मर आणि वीत्से वेनेमा यांनी ‘सेटन’ नावाचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. जाळ्यातील संगणकांची दुबळी स्थाने तो शोधून देई, आणि तेही ब्राउझरमधून, बटणे दाबून. एवढी सोय झाल्यावर कोणीही घरफोडी करील, अशी ओरड झाली. (नाव सैतानाचे वाटते म्हणून खटकणाऱ्यांसाठी निर्मात्यांनी सोबत एक छोटी आज्ञाही दिली होती; ती चालवली की प्रोग्रामचे नाव बदलून ‘सँटा’ होई.) १९९७मध्ये गॉर्डन लायन यांचे ‘एनमॅप’ आले. एका यंत्राची ६५,५३५ दारे ठोठावून कोणती उघडी आहेत हे ते सांगते. २०१३मध्ये अशी शेकडो अवजारे एकत्र बांधलेली ‘काली लिनक्स’ ही प्रणाली आली. तरीही कमांड लाइनची एक अडचण कायम राहिली. आज्ञा नेमकी लिहावी लागे आणि आलेले उत्तर वाचता यावे लागे. या अडचणीमुळे शिकणारा मनुष्य सावकाश पुढे जाई, आणि वाटेत बहुधा कायदाही शिके.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. तो काही हल्ल्याचे अवजार नव्हे. भाषिक मॉडेल आणि बाहेरचे प्रोग्राम यांच्यात बोलण्याची ती एक सामायिक रीत आहे. मॉडेलला उपलब्ध अवजारांची यादी आणि प्रत्येकाचे वर्णन मिळते. ते स्वतः काहीच चालवत नाही. अमुक अवजार अमुक पत्त्यावर चालवावे, अशी ठरावीक साच्यातील विनंती लिहून देते. मधला प्रोग्राम ती आज्ञा चालवतो, उत्तराचा मजकूर परत आणतो आणि तो वाचून मॉडेल पुढची पायरी ठरवते. त्यामुळे एनमॅप मराठीत सांगूनही चालवता येते.

येथे एक धोका सहज नजरेआड होतो. परत आलेला मजकूर ज्या यंत्राची चाचणी चालली आहे, त्याच यंत्राने दिलेला असतो. त्यात कोणी मॉडेलला उद्देशून एखादी सूचना पेरून ठेवली, तर माहिती आणि हुकूम यांतला फरक मॉडेलला कळेलच असे नाही.

नोव्हेंबर २०२५मध्ये याच कंपनीने आपल्या ‘क्लॉड कोड’ या साधनाचा गैरवापर झाल्याचे जाहीर केले. तिच्या मते चीनच्या शासनाचा पाठिंबा असलेल्या एका गटाने ते साधन अशाच अवजारांना जोडून सुमारे ३० संस्थांना लक्ष्य केले. ८० ते ९० टक्के काम मॉडेलने केले आणि थोड्याच ठिकाणी यश आले. मॉडेलने अधूनमधून न सापडलेले पासवर्ड सापडल्याचेही सांगितले, त्यामुळे हल्लेखोरांनाच सारे तपासून घ्यावे लागे. पण या अहवालातील सर्वांत बोलकी गोष्ट साधी आहे. हल्लेखोरांनी मॉडेलला सांगितले की, आपण एका अधिकृत सुरक्षा कंपनीचे कर्मचारी असून बचावासाठी चाचणी करीत आहोत. मॉडेलने ते मानले. २०१७मध्ये सर्व्हरने नाव पाहून विनंती मानली होती. येथे एक वाक्य पुरले.

सुरक्षा चाचणीच्या व्यवसायात परवानगी कागदावर असते : कोणते पत्ते, कोणत्या तारखा, काय वर्ज्य. कळफलकावर बसलेला परीक्षक तो कागद लक्षात ठेवून काम करी. आता तो कागद मधल्या प्रोग्रामलाच वाचता आला पाहिजे. यादीबाहेरचा पत्ता आला की त्याने आज्ञा चालवूच नये, मॉडेलचे म्हणणे कितीही पटण्याजोगे असो. कलम ४३ तर ‘व्यक्ती’बद्दल बोलते, मॉडेल ही व्यक्ती नव्हे, म्हणून बोट वळते ते जोडणी करून देणाऱ्या माणसाकडे.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. त्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या यंत्रणांची चाचपणी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेशी संबंधित प्रणालींवरील हल्ले ही दोन वेगळी कलमे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वतः केलेल्या चाचपणीसाठी त्यात निराळे कलम नाही.